दाटणं, थिजणं आणि गोठणं: थंडीत विमानाच्या इंधनाचं काय होतं?

हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या दोन बरण्या बघा. काकवीची बरणी तिरकी केली की एरवी भसकन येणारी काकवी सावकाश, जाड धारेनं उतरते. शेजारच्या बाटलीतलं खोबरेल तेल तर बाहेरच येत नाही, ते थिजून पांढरं झालेलं असतं. काकवी दाट झाली आहे, खोबरेल थिजलं आहे. दोन्हींचं कारण थंडीच, पण आत घडलेली गोष्ट वेगवेगळी आहे. काकवी दाटली तरी ती द्रवच राहते. खोबरेलात घन स्फटिक तयार झालेले असतात.

विमानाच्या इंधनाबद्दल बोलताना या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ‘उणे ४७ अंशांपर्यंत इंधन गोठत नाही, मग काळजी कसली?’ असं सहज म्हटलं जातं. पण उणे ४७ हा थिजण्याचा आकडा, म्हणजे गोठणबिंदू, आहे. दाटण्याचा हिशेब वेगळा असतो, आणि काही प्रसंगी इंजिन त्याच्यापाशी आधी अडतं. या दाटपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात, तेलाच्या प्रयोगशाळेत सगळे व्हिस्कॉसिटीच म्हणतात.

आधी इंधन कोणतं ते बघू. जेट विमानात पेट्रोल नसतं, अतिशय शुद्ध केलेलं रॉकेल असतं. आपल्याकडे त्याला एटीएफ, म्हणजे एव्हिएशन टर्बाइन फ्युएल, म्हणतात. मुंबईत माहूलच्या रिफायनऱ्यांमध्येही ते तयार होतं. जगभर चालणारा प्रकार म्हणजे जेट ए-१, भारतात त्यासाठी आयएस १५७१ हे मानक आहे. हा एकच पदार्थ नसतो. साधारण ८ ते १६ कार्बन अणूंच्या शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण असतं. काही रेणू सरळ साखळीचे, काही फांद्या फुटलेले, काही कड्यांचे. कच्चं तेल बदललं, रिफायनरीतली प्रक्रिया बदलली की या मिश्रणाचं प्रमाण बदलतं आणि त्याबरोबर श्यानताही. म्हणून ‘जेट ए-१ ची श्यानता किती?’ या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर नाही. मानक फक्त वरची मर्यादा सांगतं: उणे २० अंश सेल्सिअसला ८.० सेंटिस्टोक, त्याहून जास्त नको. एक सेंटिस्टोक म्हणजे सेकंदाला एक चौरस मिलिमीटर. घरच्या पाण्याची श्यानता २० अंशांना जवळपास बरोबर १ सेंटिस्टोक असते, तेवढं लक्षात ठेवलं की पुढचे आकडे डोळ्यांसमोर येतात.

थंडीत द्रव दाट का होतो? द्रव वाहतो तेव्हा रेणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात. प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांच्या ओढीतून सुटून पुढच्या मोकळ्या जागेत शिरायचं असतं. ऊब असली की रेणूंची धडपड जास्त असते आणि त्यांच्यात जागाही थोडी जास्त असते, त्यामुळे ते सहज निसटतात. तापमान उतरलं की दोन्ही गोष्टी कमी होतात. महत्त्वाचं हे की हा बदल सरळ रेषेत होत नाही. उणे २० ला ४.० आणि अधिक ४० ला १.३ सेंटिस्टोक असणारं एक अगदी सामान्य जेट इंधन धरून हिशेब केला, तर आकडे साधारण असे येतात:

अधिक ४० अंश: १.३
अधिक २० अंश: १.७
शून्य अंश: २.५
उणे २० अंश: ४.०
उणे ३० अंश: ५.४
उणे ४० अंश: ७.५

चाळीसवरून वीसवर येताना फरक पडला जेमतेम ०.४ चा. उणे वीसवरून उणे चाळीसला जाताना तो ३.५ चा आहे. घसरण तेवढ्याच वीस अंशांची, पण परिणाम आठपटीहून जास्त. थंडीच्या टोकाला प्रत्येक अंश महागात पडतो, तो असा.

हे मधले आकडे काढायची रीत एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ३४१ या पद्धतीत दिलेली आहे. श्यानतेच्या आकड्यात ०.७ मिळवायचे, बेरजेचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि जे येईल त्याचा पुन्हा एकदा लॉगॅरिदम घ्यायचा. हे उभ्या अक्षावर मांडायचं. आडव्या अक्षावर केल्व्हिनमधल्या तापमानाचा लॉगॅरिदम. असं मांडलं की वाकडी चढण चक्क सरळ रेषा होते. मग दोन तापमानांना मोजमाप केलं की पट्टी ठेवून बाकीचं वाचता येतं. श्यानता २ च्या खाली गेली की सूत्रात छोटी दुरुस्ती लागते. दुसरी अट मोठी आहे: इंधनात मेणाचे स्फटिक दिसू लागले की ही रेषा संपली. त्यापुढे ते साध्या द्रवासारखं वागत नाही, किती जोर लावला यावरही त्याचा दाटपणा बदलतो.

प्रयोगशाळेत हे मोजतात काचेच्या केशनळीतून. ‘यू’ आकाराची नळी, तिच्यात वर एक छोटा फुगा आणि फुग्याच्या वर-खाली दोन खुणा. गाळलेलं इंधन नळीत भरायचं, नळी अगदी उभी करून थंड अल्कोहोलच्या कुंडात बुडवायची आणि सगळं इंधन आतपर्यंत उणे २० ला येईस्तोवर, साधारण अर्धा तास, थांबायचं. मग इंधन चोखून वरच्या खुणेच्या वर न्यायचं, सोडायचं आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. नळी अशी निवडायची की निदान २०० सेकंद तरी लागावेत, कारण वेळ कमी असला की मोजणीतली छोटी चूकही मोठी होते. प्रत्येक नळीचा स्वतःचा स्थिरांक असतो. समजा तो ०.०१ आहे आणि वेळ आला ४०२ सेकंद, तर श्यानता ४.०२ सेंटिस्टोक. दुसऱ्यांदा घेतल्यावर ४०१.६ सेकंद आले तर मोजमाप जुळलं, सरासरी घ्यायची.

ऐकायला सोपं आहे, पण चुकायच्या जागा पुष्कळ. उणे २० च्या आसपास एका अंशाला श्यानता जवळपास ३ टक्के बदलते, म्हणून कुंडाचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागांत सांभाळावं लागतं. कुंड नीट ढवळलं नाही तर तळाशी एक तापमान आणि वर दुसरं. पण मुंबईसारख्या दमट हवेत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हवेतली वाफ. नळीची तोंडं उघडी राहिली की आत ओलावा शिरतो आणि केसाएवढ्या पोकळीत त्याचं हिव तयार होतं. इंधन अडखळत उतरतं, वेळ वाढतो, आणि चांगला माल दाट ठरतो. म्हणून तोंडांवर ओलावा शोषणाऱ्या नळ्या बसवतात. एका नमुन्याचे दोन वेळा जुळले नाहीत, तर इंधनाला दोष देण्याआधी नळी काढून ती उजेडात धरून बघावी.

आता मानकातल्या एका फटीकडे येऊ. मोजमाप उणे २० ला होतं. पण इंजिन बनवणाऱ्यांना हवा असतो वेगळा आकडा: इंजिन सुरू करताना इंधन १२ सेंटिस्टोकपेक्षा दाट नको. ही १२ ची रेघ इंजिनांच्या आणि शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाच्या, म्हणजे एपीयूच्या, सुरुवातीसाठी सर्वसाधारणपणे मानली जाते. वरचं आपलं ४.० चं इंधन १२ ला कधी पोचतं? सरळ रेष पुढे ओढली तर उणे ५१ च्या सुमारास. म्हणजे दाटपणाची अडचण येण्याआधी ते थिजण्याचीच शक्यता जास्त. पण उणे २० ला बरोबर ८.० असलेला दुसरा माल घ्या. मानकात तोही पास आहे. तो १२ ला पोचतो उणे ३० च्या आसपासच, आणि उणे ४० ला तो १७-१८ च्या घरात असतो. गोठणबिंदू उणे ४७ च्या खालीच, कागद दोन्हींचे स्वच्छ, आणि तरीही उणे ३५ अंशांना एका टाकीवर इंजिन लागेल, दुसरीवर कदाचित लागणार नाही. उणे ४० लाही १२ च्या आत राहायचं, तर उणे २० चा आकडा साधारण साडेपाचच्या खाली हवा. बाजारातला बहुतेक माल तेवढा पातळ असतो म्हणून ही फट रोज टोचत नाही. पण थंड प्रदेशात विमान ठेवायचं असेल, तर चाचणीच्या कागदावर ‘पास’ शब्दावर थांबू नये, आकडा वाचावा.

इंजिन सुरू करताना दाटपणा नेमका कुठे नडतो? नोझलमध्ये. इंधन जळत नाही, त्याची वाफ जळते. त्यासाठी नोझलनं त्याचा बारीक धुकट फवारा करायला हवा. इंधन गरगरत छिद्रातून बाहेर पडतं, पातळ पडद्यासारखं शंकूत पसरतं आणि पडदा फाटून थेंब होतात. दाट इंधनाचा पडदा जाड राहतो, शंकू अरुंद होतो आणि थेंब मोठे. ढोबळ नियम असा की श्यानता चौपट झाली की थेंबांचा सरासरी व्यास साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. हे थोडं वाटेल, पण थेंब सुकायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यात थंडीनं इंधनाची वाफ व्हायची तयारीच कमी असते आणि स्टार्टरवर फिरणाऱ्या इंजिनात पंपाचा दाबही पुरता चढलेला नसतो. ठिणगीपाशी वाफ पोचतच नाही. न जळलेलं इंधन आत साठतं, आणि नंतर एकदम पेटलं तर मागून ज्वाळा निघते. म्हणून पहिला प्रयत्न फसल्यावर लगेच दुसरा करत नाहीत, आधी इंजिन कोरडं फिरवून साठलेलं इंधन बाहेर काढतात.

दुसरी जागा म्हणजे गाळणी. तिच्या बारीक छिद्रांतून जाताना लागणारा दाब जवळपास श्यानतेच्याच पटीत वाढतो. चाळीस अंशांना जे काम एका पट दाबात होतं, त्याला उणे चाळीसला सहा पट लागतो. अर्धवट भरलेली गाळणी उन्हाळ्यात निभावून जाते आणि थंडीत दाबाचा इशारा देते, त्याचं कारण हे. रुंद पाइपांत मात्र प्रवाह खळखळता असतो, तिथे श्यानतेचा फरक फारसा जाणवत नाही.

एकदा इंजिन चालू झालं की दाटपणाचा प्रश्न बराचसा मिटतो. गरम झालेलं इंजिन तेल आणि टाकीतून आलेलं थंड इंधन यांची गाठ एका उष्णता-विनिमयकात पडते. तेल थंड होतं, इंधन तापतं, एका दगडात दोन पक्षी. नोझलपाशी इंधन येतं तेव्हा ते चांगलं गरम आणि पाण्याइतकं पातळ असतं. म्हणून श्यानतेचा खरा कस लागतो तो बंद इंजिन सुरू करताना: बर्फाळ धावपट्टीवर रात्रभर उभ्या विमानात, तासन्‌तास गारठलेला एपीयू उंचावर चालू करायची वेळ आली तेव्हा, किंवा हवेत विझलेलं इंजिन पुन्हा पेटवताना.

टाकीतलं इंधन किती थंड होतं याबद्दलही समज-गैरसमज आहेत. ११ किलोमीटर उंचीवर प्रमाणित हवेचं तापमान उणे ५६.५ असतं. मग इंधन तितकं थंड का होत नाही? कारण विमान हवेवर आदळत असतं आणि दाबली गेलेली हवा तापते. ध्वनीच्या ०.८४ पट वेगानं जाताना हा फायदा सुमारे ३० अंशांचा असतो, म्हणजे पंखाला जाणवणारी हवा उणे २६ च्या आसपास. पंखातल्या टाक्यांमधलं इंधन काही तासांत हळूहळू त्या दिशेनं उतरतं. टोकाकडच्या टाक्या चपट्या आणि लहान, त्यामुळे त्या आधी गारठतात. पण बाहेरची हवा उणे ७० ची लागली, ध्रुवाजवळ ती लागते, तर पंखाला जाणवणारं तापमान उणे ४१ पर्यंत जातं.

इथे अमेरिकेतून येणाऱ्या विमानांचा एक मुद्दा आहे. तिथे देशांतर्गत चालणारं इंधन जेट ए-१ नसून जेट ए आहे. त्याची गोठणबिंदूची मर्यादा उणे ४०, आपल्यापेक्षा सात अंश वर. सॅन फ्रान्सिस्कोहून विमान निघतं ते हे इंधन भरून. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या महिला सहवैमानिकांनी एअर इंडियाचं बोइंग ७७७ सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आणलं. अशा मार्गाचं नियोजन करताना टाकीतल्या तापमानाचा अंदाज हा हवामान आणि इंधनाच्या वजनाइतकाच महत्त्वाचा असतो. रूढ नियम असा की टाकीतलं तापमान गोठणबिंदूच्या निदान ३ अंश वर ठेवायचं: जेट ए-१ साठी उणे ४४, जेट ए साठी उणे ३७. दोन्ही इंधनं टाकीत मिसळलेली असतील तर कडक आकडा धरतात. प्रत्यक्ष माल बहुधा मर्यादेपेक्षा बरा असतो, म्हणून काही कंपन्या भरलेल्या इंधनाचा गोठणबिंदू मोजून घेतात आणि ते तीन-चार अंश पदरात पाडतात.

तापमान मर्यादेकडे सरकू लागलं तर वैमानिक उबदार हवेच्या थरात जातो. बहुतेक वेळा तो खाली असतो. ध्रुवाजवळ मात्र कधी कधी वर जाणं सोयीचं, कारण तिथे स्थितांबर, म्हणजे वर गेलं तरी हवा आणखी थंड होत नाही असा थर, खूप खालपासून सुरू होतं. वेग वाढवणं हा दुसरा उपाय. ०.८४ वरून ०.८५ केलं की सुमारे ०.७ अंश मिळतात, आणि त्याची किंमत जास्तीच्या इंधनात मोजावी लागते. यातलं काहीही लगेच लागू पडत नाही. हजारो लिटर इंधन चुलीवरचं दूध नव्हे, बदल दिसायला पाव ते एक तास जातो. म्हणून आकडा काठाला लागायच्या आधीच हालचाल करावी लागते.

थंडीत इंधनाला तिसरा धोकाही असतो, आणि त्याचा दाटण्याशीही संबंध नाही, थिजण्याशीही नाही: इंधनातलं पाणी. १७ जानेवारी २००८ रोजी ब्रिटिश एअरवेजचं बीजिंगहून आलेलं बोइंग ७७७ लंडनच्या हीथ्रोला उतरत होतं. जमीन ७२० फुटांवर असताना दोन्ही इंजिनांनी जोर द्यायला नकार दिला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकलं. आत १५२ माणसं होती, कुणाचाही जीव गेला नाही. सुरुवातीला साहजिकच इंधन गोठलं का अशी शंका आली. पण वाटेत इंधन उणे ३४ पर्यंतच उतरलं होतं, आणि त्याचा मोजलेला गोठणबिंदू होता उणे ५७. श्यानताही ठीक होती. तपासात निघालं ते असं: इंधनात नेहमीच असणाऱ्या किंचित पाण्याचा बर्फ नळ्यांच्या आतल्या बाजूला धरत गेला, उतरताना जास्त इंधन मागितलं तेव्हा तो एकदम सुटला आणि उष्णता-विनिमयकाच्या तोंडावर बसला. तिथल्या बारीक नळ्यांची टोकं पत्र्याच्या वर किंचित निघालेली होती, त्यांच्यात बर्फ अडकला. नंतर ती टोकं पत्र्याबरोबर सपाट केली गेली. इंधन मानकात अगदी बसणारं होतं आणि तरीही हे झालं. म्हणून तिन्ही गोष्टी वेगळ्या ओळखणं गरजेचं आहे: दाटण्यावर उपाय म्हणजे पातळ माल आणि ऊब, थिजण्यावर उपाय तापमानाची राखण, आणि पाण्यावर उपाय म्हणजे टाकी निचरणं, यंत्राची योग्य रचना आणि लष्करी इंधनात घालतात तसं बर्फरोधक द्रव्य.

उन्हाळ्याची बाजू त्यामानानं सौम्य आहे. नागपूरच्या मे महिन्यात इंधन सव्वा सेंटिस्टोकच्या आसपास येतं, इंजिनाच्या आत तापल्यावर १ च्याही खाली. तिथे भार पडतो पंपावर. दात्यांच्या पंपात दाते आणि कवच यांच्यातल्या फटीतून इंधन मागे झिरपतं, आणि ते जितकं पातळ तितकी झिरप जास्त. इंजिन कमी वेगात फिरत असताना हे जास्त जाणवतं. जेट ए-१ च्या मानकात श्यानतेची खालची मर्यादा नाही. रशियाच्या टीएस-१ इंधनाला मात्र आहे: २० अंशांना निदान १.२५, आणि वरच्या बाजूला थेट उणे ४० ला ८ पेक्षा जास्त नको. सायबेरियाचा हिवाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं ते मानक आहे. पातळपणा आणि वंगणगुण एकच नव्हेत, हेही इथे सांगायला हवं. पंपाची झीज रोखायचा गुण इंधनातल्या काही अल्प घटकांवर अवलंबून असतो आणि त्याची चाचणी वेगळी घेतात.

नव्या, खनिज नसलेल्या इंधनांनी हा विषय पुन्हा पुढे आणला आहे. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं इंडियन ऑइलच्या साथीनं तयार केलेलं असं इंधन मिसळलेलं होतं. खनिज रॉकेलात शेकडो प्रकारचे रेणू असतात. नव्या इंधनांपैकी काहींत मोजकेच असतात, आणि मग त्या मोजक्या रेणूंचा स्वभाव सगळ्या टाकीवर उमटतो. साखर आंबवून मिळालेल्या फार्नेसीनला हायड्रोजन जोडून केलेलं फार्नेसेन (farnesane) नावाचं इंधन म्हणजे १५ कार्बनांचा जवळपास एकच रेणू. त्याचा गोठणबिंदू कितीतरी खाली आहे, पण उणे २० ला ते ८ ची मर्यादा पार ओलांडतं. थिजत नाही, पण दाट आहे, अगदी काकवीसारखं. म्हणून ते १० टक्क्यांपेक्षा जास्त मिसळू देत नाहीत. आणि अशा मिश्रणांसाठीच्या मानकात, एएसटीएम डी ७५६६ मध्ये, उणे २० च्या आकड्यावर भागवलेलं नाही. मिश्रणाची श्यानता उणे ४० लाही मोजायची आणि ती १२ सेंटिस्टोकच्या आतच यायला हवी.